तीन नंबरची टाकी

१

माझं काम सकाळी साडेआठला सुरू होतं. वसमतहून कुरुंद्याकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचा कारखाना आहे. साखर कारखान्यातून मळी आणायची, ती पातळ करून उंच स्टीलच्या टाक्यांत भरायची आणि तिच्यावर जिवाणू पोसायचे, हा आमचा धंदा. जिवाणू मळीतली साखर खातात आणि लायसिन नावाचं अमिनो आम्ल बनवून बाहेर टाकतात. ते वाळवून पोत्यांत भरलं की कोंबड्यांच्या खाद्याला जातं. मी प्रतिक्षा. गाव साखरा, शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी, आणि गेली चार वर्षं इथली प्रयोगशाळा माझ्याकडं आहे.

आमचा जिवाणू साधा नाही. मातीतला मूळ जिवाणू स्वतःला लागेल तेवढंच लायसिन बनवतो आणि थांबतो. आमच्या जिवाणूच्या जनुकात एका जागी बदल केलेला आहे. त्या बदलामुळं त्याला ‘पुरे’ हेच कळत नाही. साखर आणि हवा मिळत गेली की तो बनवतच राहतो. नव्या कामगारांना मी हे असंच समजावते आणि ते एकमेकांकडं बघून हसतात.

टाक्यांवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर म्हणजे उद्धवभाऊ. कुरुंद्याचे, पंचेचाळिशीचे, घरची थोडी हळद. ते जिवाणूंना लेकरं म्हणायचे. सकाळी मी आले की विचारायचे, “लेकरं जेवली का, ताई?” मी म्हणायचे, “जेवली, भाऊ.” मग आमचा दिवस सुरू व्हायचा.

नमुने काढायचे, साखर मोजायची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, आणि मग कंट्रोल रूममध्ये बसून प्रत्येक टाकीची हवेची रेषा तपासायची. पाण्यात विरघळलेली हवा किती उरली ते ही रेषा दाखवते. जिवाणू सतत हवा ओढत असतात, म्हणून ती खाली, पंचवीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळते. जिवाणू उपाशी राहिले किंवा मेले तर हवा वापरणारं कुणी उरत नाही आणि रेषा सरळ वर चढते.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, अकरा वाजून पन्नास मिनिटांनी, तीन नंबरच्या टाकीची रेषा सरळ वर चढली. चाळीस सेकंद वरच राहिली. मग जशी चढली होती तशी खाली आली आणि पंचविसावर नीट चालू लागली.

मेलेले जिवाणू चाळीस सेकंदांनी उठत नाहीत. मी वहीत लिहिलं, ‘सेन्सर तपासणे’, आणि डबा खायला गेले.

२

बुधवारी वैजनाथनं सेन्सर बदलला. तो आमचा यंत्रांचा तंत्रज्ञ. शंका आली की आधी वस्तू बदलतो आणि मग विचार करतो. नवा सेन्सर लागला साडेदहाला. अकरा पन्नासला रेषा परत चढली आणि या वेळी मिनिटभर वर राहिली.

“साखरेचा पंप अडकत आसंल, मॅडम,” तो म्हणाला.

ते मलाही पटण्यासारखं होतं. साखर थांबली की जिवाणू श्वास मंदावतात. पण पंपाची नोंद सलग होती, थेंबाचाही खंड नव्हता. मी त्याच वेळचा नमुना काढून बघितला. जिवाणू ठणठणीत होते, दुसरा कुठलाही जीव आत शिरलेला नव्हता. त्या टाकीत जेवढे जिवाणू होते तेवढी माणसं पृथ्वीवर आजवर जन्मलेली नाहीत. त्या सगळ्यांनी एका क्षणी श्वास थांबवला होता आणि एका क्षणी परत घेतला होता.

गुरुवारी काहीच झालं नाही. मी अकरा पन्नासला पडद्यासमोर बसून होते. रेषा हलली नाही. मला हायसं वाटलं. मी स्वतःला समजावलं की हवेच्या दाबात काहीतरी खोट होती आणि ती गेली.

शुक्रवारी बॅच संपली. टाकी रिकामी केली, वाफेनं निर्जंतुक केली, नवीन मळी भरली, फ्रीझरमधल्या नव्या कुपीतलं बियाणं सोडलं. त्याच कुपीतलं बियाणं एक नंबरच्या टाकीतही गेलं. शनिवारी एक नंबरची रेषा शहाण्यासारखी खाली राहिली. तीन नंबरची अकरा पन्नासला चढली आणि एक मिनिट चाळीस सेकंद तिथंच थांबली.

त्या संध्याकाळी घरी हजेरीचा कागद चाळताना मला दिसलं की गुरुवारी उद्धवभाऊंची साप्ताहिक सुट्टी होती. आणि अकरा पन्नास ही त्यांच्या फेरीची वेळ. त्या वेळी ते जिना चढून टाक्यांच्या वरच्या पट्टीवर असतात.

३

रविवारी मी स्वतः वर गेले.

टाक्यांची तोंडं दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर आहेत. लोखंडी जाळीची अरुंद पट्टी, एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला ओळीनं चार टाक्या. प्रत्येक टाकीला वर एक गोल जाड काच आहे, आत दिवा. काचेतून तपकिरी पाणी आणि फेस दिसतो. खाली ढवळणी फिरत असते, तिची घरघर पायांतून वर येते. शेजारी हाताएवढा पडदा, त्यावर तीच हवेची रेषा.

उद्धवभाऊ पट्टीच्या त्या टोकाला, एक नंबरपाशी होते. तिथून ते एकेक टाकी बघत इकडं येत होते. मी तीन नंबरच्या काचेला डोळा लावून उभी राहिले.

रेषा चढली तेव्हा आवाजात काही फरक पडला नाही. ढवळणी फिरतच होती, हवेचे बुडबुडे फुटतच होते. फक्त काचेवर, आतल्या बाजूनं, तळहाताएवढी वाफ धरली. मग ओसरली. परत धरली. परत ओसरली.

मी घड्याळ बघून मोजलं. मिनिटाला सोळा वेळा.

वाफ धरण्याची शंभर कारणं असतात. आत गरम, बाहेर गार. टाकीत हवा दाबून सोडणाऱ्या कॉम्प्रेसरचा धक्का. पण कॉम्प्रेसर मिनिटाला कित्येक शे धक्के देतो, सोळा नाही. सोळा हे माप मी ओळखत होते. नर्स मनगट धरते, घड्याळाकडं बघते आणि न सांगता माणसाचे श्वास मोजते, त्याचं हे माप आहे.

टाकीतल्या असंख्य जिवाणूंनी श्वास रोखला होता. मग काचेवर श्वास कुणाचा पडत होता?

मला कळलं की मीही त्याच तालात श्वास घेते आहे. मी कठडा धरून मागं सरकले. उद्धवभाऊ जवळ येऊन उभे होते.

“काय झालं, ताई?”

“काही नाही. ऊन लागलं.”

“सावलीत काय ऊन लागतंय,” ते म्हणाले, आणि नेहमीच्या सवयीनं तीन नंबरच्या पोटावर थाप मारून पुढं गेले. त्यांची पाठ वळली, आणि काच स्वच्छ झाली.

४

सोमवारी मी विजयकुमार सरांकडं गेले. ते कारखान्याचे प्रमुख, आकड्यांचे माणूस. वाफेचं मी बोलले नाही. रेषा दाखवल्या, वेळा दाखवल्या, दर दिवशी थांबा वाढतो आहे हेही दाखवलं.

“उत्पादन घटलंय का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग तुला भीती कशाची वाटते?”

मी रेषांचा कागद परत त्यांच्यासमोर सरकवला. ते म्हणाले, “ही बॅच संपली की तीन नंबर उघडू. दोन नंबर तशीही रिकामी केली आहे, तिचं सील गळतंय. दोन्ही एकदमच तपासून घेऊ.”

मी बाहेर पडले आणि उद्धवभाऊंना शोधलं. ते हात धूत होते. मी ठरवलं होतं की काहीतरी थाप मारायची, पण त्यांच्यासमोर ते जमेना.

“भाऊ, दोन दिवस वरची फेरी दुसऱ्या कुणाला द्या.”

“काहून?”

“तीन नंबर रोज थोडा वेळ बंद पडल्यासारखी होते. तुम्ही वर असता तेव्हाच. तुमच्या सुट्टीच्या दिवशी होत नाही.”

ते हात पुसत राहिले. मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

“मला ठावं हाय,” ते म्हणाले. “रेषा मला न्हाई समजत. पर थाप मारली की हाताला कळतंय. आत कुणी दम धरून बसल्यावानी वाटतंय. आपण दाराआड लेकराला शोधतो न्हवं, तवा ते कसं गुपचूप बसतंय, तसं.”

“आणि तुम्हाला भीती वाटत नाही?”

“आठ वर्सं तिच्याजवळ उभा राहून राहिलो, ताई. तिनं माझं काय वाईट करायचंय? माझी वाट बघत आसंल.”

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. मी मात्र दिवसभर ते घेऊन फिरत होते. घरी आईचा फोन आला तेव्हा ती काय बोलत होती तेही मला ऐकू आलं नाही. एखादी गोष्ट रोज एका माणसाची वाट बघते, आणि रोज थोडा जास्त वेळ बघते. याचा चांगला अर्थ मला लावता येत नव्हता.

५

मंगळवारी मी अकरा चाळीसलाच वर जाऊन उभी राहिले. उद्धवभाऊ दिसत नव्हते. मनात म्हटलं, बरं झालं, ऐकलं त्यांनी. मी दोन नंबरकडं पाठ करून काचेला डोळा लावला; ढवळणीच्या घरघरीत मागचं काही ऐकू येत नव्हतं.

अकरा सेहेचाळीसला रेषा चढली. चार मिनिटं आधीच.

काचेवर वाफ धरली, ओसरली. मी मनातल्या मनात मोजू लागले. एक, दोन, तीन. बेचाळीसपर्यंत सगळं तालात होतं. मग वाफ धरली नाही. काच कोरडी राहिली. तपकिरी फेस, दिवा, आणि काही नाही. पडद्यावर रेषा वरच होती. दोन दिवस त्या वाफेची मला भीती वाटत होती, आणि आता ती परत धरावी असं वाटत होतं.

मी इकडंतिकडं बघितलं. शेजारच्या दोन नंबरच्या टाकीच्या झाकणाचे नट काढलेले होते, झाकण बाजूला सरकवलं होतं. त्यापाशी, देवळाबाहेर काढून ठेवावेत तसे, बूट नीट जोडून ठेवलेले होते. उद्धवभाऊंचे.

पुढचं सगळं मी केलं, पण मला ते दुसऱ्या कुणी केल्यासारखं आठवतं. रिकाम्या टाकीच्या तळाला जो गाळ उरतो त्यातले जिवाणूही हवा ओढतच असतात. आमच्या जिवाणूला पुरे कळत नाही. बंद टाकीतली हवा ते रात्रभरात संपवतात. आत उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला वाचवायला उडी घेणारा दुसराही कोसळतो. हे मीच दर वर्षी कामगारांना शिकवते. म्हणून मी आत उतरले नाही. दोन नंबरचा हवेचा व्हॉल्व्ह पट्टीवरच असतो. मी तो दोन्ही हातांनी पूर्ण उघडला. टाकीच्या तळातून हवा घुसल्याचा मोठा फूत्कार आला. मग मी खाली वैजनाथला हाक मारली की हवेच्या सिलिंडरचा मास्क आणि दोर घेऊन ये, उद्धवभाऊ दोन नंबरमध्ये आहेत.

तो येईपर्यंत मी मोबाइलचा दिवा लावून तोंडातून आत बघितलं.

उद्धवभाऊ तळाला कुशीवर पडले होते. तोंड माझ्याकडं, डोळे मिटलेले. छाती हलत नव्हती. त्यांच्या पाठीमागं स्टीलची भिंत होती, आरशासारखी, आणि त्या भिंतीवर, त्यांच्या डोक्याच्या उंचीवर, तळहाताएवढी वाफ धरत होती आणि ओसरत होती. घाई न करता.

मी दिवा हलवला. ती तिथंच होती.

मग वैजनाथ मास्क चढवून माझ्या बाजूनं खाली उतरला. त्यानं पट्टा बांधला, वरून चौघांनी ओढलं. उद्धवभाऊंना पट्टीवर निजवलं तेव्हा त्यांचे ओठ जांभळे होते. मी त्यांचं नाक दाबून तोंडातून श्वास दिला. एक, दोन, तीन. सातव्या वेळी त्यांची छाती आपणहून उचलली गेली, आणि ते खोकले.

माझ्या खांद्यावरून कुणीतरी म्हणालं, “आला, श्वास आला.” मी मान वळवून तीन नंबरच्या पडद्याकडं बघितलं. रेषा खाली उतरत होती.

६

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूला काही इजा नाही, नशीब म्हणायचं. एवढा वेळ हवेवाचून राहिलेला माणूस इतका बरा होत नाही, असंही ते म्हणाले, आणि मग मी काही विचारायच्या आत दुसऱ्या रुग्णाकडं गेले.

उद्धवभाऊंनी दुसऱ्या दिवशी मला सगळं सांगितलं. माझं ऐकून त्यांनी फेरी खरोखरच सोडली होती. मधल्या वेळात रिकामं बसवेना, म्हणून दोन नंबरचं सील बघून घ्यावं असं वाटलं. झाकण काढताना पाना आत पडला. तेवढा उचलून येतो म्हणून परवानगी न घेता उतरले.

“चूक माझी हाय,” ते म्हणाले. “साहेबाला तसंच सांगा.”

“भाऊ, आत काय आठवतं?”

त्यांनी चादर छातीपर्यंत ओढली.

“अंधारी आली, एवढंच. पर एक सांगू का, ताई. एकटं वाटलं न्हाई.”

विजयकुमार सरांनी वरच्या पट्टीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र काढलं. उद्धवभाऊंनी बूट काढले ती वेळ अकरा अठ्ठेचाळीस. सरांनी तीन नंबरची रेषा शेजारी ठेवली आणि बोट नुसतंच दोन्हींवर फिरवलं. टाकीनं श्वास रोखला होता अकरा सेहेचाळीसला. त्याच आठवड्यात सगळ्या टाक्यांच्या झाकणांना कुलपं लागली, हवा मोजणारी चार यंत्रं आली, आणि आत उतरणाऱ्यासाठी वर दोन माणसं उभी राहिल्याशिवाय किल्ली मिळणार नाही असा नियम झाला. कामगारांना तो नियम सर स्वतः शिकवतात. तीन नंबर उघडली, घासली, तपासली. काही सापडलं नाही. त्यानंतर तिची रेषा एकदाही चढलेली नाही. मी आजही अकरा पन्नासला बघते. जिवाणू नीट जेवतात, नीट श्वास घेतात, लायसिन बनवतात.

मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. फक्त एक प्रश्न राहिला होता, जो मी कुणाला विचारू शकत नव्हते. जे काय तीन नंबरमध्ये होतं, ते आता तिथं नाही. मग ते गेलं कुठं?

७

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी कुरुंद्याला त्यांच्या घरी गेले. गावात हळद शिजवायचे दिवस होते. अंगणाअंगणात पिवळे गड्डे वाळत पडले होते, आणि सगळ्या गावाला त्या वासानं वेढलं होतं. दुपारचे तीन वाजले असतील. उद्धवभाऊंची बायको पुनम उंबऱ्यात बसली होती. तिनं मला पाणी दिलं.

“झोपलेत,” ती हळू आवाजात म्हणाली. “सोमवारपासून कामावर येणार हायेत न्हवं, म्हणून म्हणलं, झोपू द्यावं.”

“तब्येत कशी आहे?”

“चांगली हाय. आधीपेक्षा चांगली. धाप लागायची ती बी गेली.” ती थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “तुमी शिकलेल्या हाव, ताई. एक इचारू का?”

“विचार ना.”

“ह्यांच्या श्वासाला दोन आवाज येऊन राहिलेत.”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“एक ह्यांचा. तो मला वळखू येतो, वीस वर्सं झाली लग्नाला. आन तो थांबला की मधल्या जागेत दुसरा. हलका. लेकराच्या श्वासावानी.” तिनं माझ्याकडं बघितलं. “पहिल्या दिवशी लई भ्याले. उठून बसले. ह्यांना हलवून उठवणार व्हते. मंग वाटलं, काहून उठवायचं? ह्यांचा अडला तं दुसरा तरी चालू राहील. आता उलट झालंय बघा. दुसरा ऐकू आला न्हाई तं मला झोप लागत न्हाई.”

ती उठली. मीही तिच्या मागं आत गेले. खोलीत पडदा ओढलेला होता, बाजेवर उद्धवभाऊ कुशीवर झोपले होते, तोंड आमच्याकडं, पाठ भिंतीला. भिंत साधी होती, चुन्याची, तिच्यावर काही दिसत नव्हतं. मी बाजेशी वाकून कान दिला.

एक श्वास. लांब, दमदार. मग तो संपला आणि शांतता झाली. मी माझा श्वास धरून ठेवला. त्या शांततेत, त्यांच्या पाठीमागून कुठूनतरी, दुसरा श्वास आला. छोटा. सावकाश. आणि तो संपतो न संपतो तोच भाऊंची छाती परत भरली.

मी भ्याले. खोटं सांगत नाही. पण त्या भीतीत पळून जावंसं काही नव्हतं. झोपलेल्या बाळाजवळ उभं राहिलं की आपला पाय वाजू नये याची जी धास्ती असते, तेवढीच ती होती.

“येऊन राहिला न्हवं?” पुनमनं कानाशी विचारलं.

“येतोय,” मी म्हणाले.

ती हसली. कितीतरी दिवस एकटीनं सांभाळलेली गोष्ट दुसऱ्या कुणी बघितल्यावर माणूस हसतं, तसं. मग आम्ही दोघी पाय न वाजवता बाहेर आलो, आणि त्यांना जाग येईपर्यंत अंगणात बसून हळद उलटीपालटी करत राहिलो.